एवेलिओचा खोकला आणि सगळ्यांची अक्कल

हे लिहिणारच नव्हतो. यात आमच्या आईचं नाव येतं, आणि मी अजून तिच्याच हातचं जेवतो. पण गल्लीत जो तो आपापली गोष्ट सांगत सुटलाय, म्हणून खरी काय ती एकदा लिहून टाकतो.

एवेलिओ पंखे दुरुस्त करतो. वय पंचावन्न, माझ्या दुप्पट, तरी माझा दोस्त. आमच्या बारांकिया शहराच्या कार्निव्हालात आमच्या गल्लीची पाच जणांची टोळी काळे झगे घालते आणि पाद्र्याच्या सुरात पुढाऱ्यांची खिल्ली उडवणारी कडवी म्हणते. कडवं एवेलिओ म्हणतो, आम्ही चौघं मागून ओरडतो. एवेलिओचं बावीस वर्षं हेच. स्पर्धा शनिवारी, आणि त्याच्या तीन आठवडे आधी याला खोकला लागला. कोरडा. कडव्याच्या तिसऱ्या ओळीवर हमखास.

"शनिवारी आवाज लागला नाही तर झगा कायमचा खाली ठेवतो," तो म्हणाला. गंमत करत नव्हता. बायको गेल्यापासून हा माणूस वर्षातून त्या एका दिवसासाठी नीट दाढी करतो.

मग सुरू झाली अक्कल वाटायला.

"पंखा!" आई म्हणाली. "दिवसभर वारं तोंडावर घेतोस."

"सेन्यो लेदीस," एवेलिओ आईला म्हणाला, "पंख्यानं खोकला येत असता तर अख्खं शहर खोकलं असतं."

"मग इस्त्री करून गरम अंगानं लगेच फ्रीज उघडला असशील."

"माझ्याकडे इस्त्री नाही."

"मग नुसताच उघडला असशील!"

आईनं तोतुमोच्या फळाचा काळाकुट्ट काढा पाजला. तळपायांना बाम चोळून लोकरी मोजे घातले. बाहेर अंगाची लाही लाही होतेय आणि हा मोजे घालून बसलाय! वर पंखा लावायला बंदी. दुरुस्त केलेला पंखासुद्धा चालवून बघायचा नाही. तीन गिऱ्हाइकं परत आली, त्यातल्या एकाचा पंखा उलटा फिरत होता. खोकला जागच्या जागी.

शेवटी मंगळवारी मीच त्याला ओढत दवाखान्यात नेलं. आई आलीच बरोबर. न बोलावता.

डॉक्टरीणबाई तरुण होती. छाती तपासली, घसा बघितला. "ताप? कफ? धाप लागते? वजन उतरलंय?"

"नाही."

"सिगारेट? छातीत जळजळ? घरात धूर, धूळ?"

"नाही."

"काही औषध चालू आहे?"

"नाही."

"काहीच घेत नाही हो तो," आई मध्येच म्हणाली. "माझ्या गोळ्या सोडल्या तर."

डॉक्टरीणबाईचं पेन थांबलं. "कसल्या गोळ्या?"

"प्रेशरच्या. त्याचं डोकं दुखत होतं. माझंही तसंच दुखायचं. म्हणून रोज एक देते."

"कधीपासून?"

"महिना झाला असेल."

मी एवेलिओकडे बघितलं. "तुम्ही औषध घेत नाही म्हणालात!"

"अरे, ते औषध कुठंय? शेजारणीनं प्रेमानं दिलेलं आहे."

बिस्किटांचा निळा डबा असतो ना, लोकांच्या घरी ज्यात सुईदोरा निघतो, तो आमच्याकडे गोळ्यांनी भरलेला आहे. आई त्यातून गल्लीला वाटते. मला माहीत होतं. अडीच आठवडे मी पंख्यावरचे वाद ऐकत बसलो आणि डबा माझ्या नाकासमोर होता.

"या गोळीनं काही जणांना असाच कोरडा खोकला येतो," डॉक्टरीणबाई म्हणाली.

"मला तर येत नाही!"

"सगळ्यांना येत नाही, सेन्योरा. म्हणूनच दुसऱ्याची गोळी घ्यायची नसते." तिनं एवेलिओचं प्रेशर मोजलं. एकदम ठीक. "गोळी आजच बंद. खोकला जायला मात्र दोन-चार आठवडे लागतील."

शनिवारला चार दिवस होते.

बाहेर येताच आई म्हणाली, "कालची पोरगी. पंखाच आहे तो."

शनिवारी मांडवात पाऊल ठेवायला जागा नव्हती. एवेलिओ गुळगुळीत दाढी करून उभा. नळाला पाणी आणायचं वचन देणाऱ्या नगरसेवकावरचं कडवं त्यानं धरलं. पहिली ओळ, दुसरी ओळ, आणि तिसरीवर सुटला. खो खो खो. थांबेचना. त्याचे कान लाल झाले. झग्याआधी डोक्यावरची टोपी उतरवायला त्याचा हात वर गेलेला मी बघितला आणि मला काही सुचेना, म्हणून मी मागून खोकलो. बाकी तिघंही खोकले. सुरात. लोकांना वाटलं, कोरडा नळच खोकतोय! मग अख्खा मांडव खोकायला लागला. पुढचं प्रत्येक कडवं तसंच गेलं.

दुसरं बक्षीस मिळालं. आधी कधी पाचवंसुद्धा मिळालं नव्हतं.

तीन आठवड्यांनी खोकला गेला. आई सगळ्यांना सांगते, मोज्यांनी गेला. काल एवेलिओ दुकानाबाहेर आला, इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "ऐक ना. पुढच्या वर्षीही लोक खोकला मागणार. कार्निव्हालच्या आधी महिनाभर डब्यातून त्या गोळ्या..."

मी डोकं धरलं.

"डब्याला हात लावायचा नाही," मी म्हणालो. "शब्द देतो तुम्हाला, पुढच्या वर्षी तुमच्या वाटचं मी खोकेन."