धरून उतरा, आप्पा

जिन्याच्या कठड्याचा एक लाकडी दांडा सकाळी आप्पांच्या हातात आला. आप्पा पडले नाहीत. दांडा घेऊन ते शांतपणे खाली उतरले आणि टेबलावर, मुलाच्या चहाशेजारी त्यांनी तो ठेवला.

मुलाने दांड्याकडे पाहिलेच नाही, वडिलांच्या पायांकडे पाहिले. तो विमा कंपनीत होता आणि अपघात व्हायच्या आधीच त्याला दिसत असे.

"मी केव्हाचा सांगतोय. आता खालच्या खोलीत या."

"दांडा सडलाय. माझे पाय नाहीत सडलेले."

खालची खोली म्हणजे स्वयंपाकघरामागची. तिची खिडकी उघडली की शेजाऱ्यांची भिंत दिसे, आणि बंद केली की जरा बरे वाटे. मुलाने ती कधीच रंगवून, पलंग टाकून तयार ठेवली होती. आप्पांची वरची खोली मात्र रस्त्याच्या बाजूला होती. कोण कुणाकडे गेले, कोण कुणाशी बोलत नाही, हे सगळे त्यांना खिडकीतून कळे. बायको गेल्यापासून ती खिडकीच त्यांना सोबत होती. ती सुटेल याचीच त्यांना धास्ती होती. पण हे ते बोलत नसत, नुसते चिडत.

शेवटी सूनबाई मध्ये पडली. "सगळेच दांडे काढून लोखंडी गज बसवू या. मग वर राहायला काय हरकत आहे?"

"गज बसले तर ठीक," मुलगा म्हणाला. "नाहीतर खाली."

मुलाचे मन बदलायच्या आत काम उरकावे म्हणून आप्पांनी सुतार आणि वेल्डर दोघांनाही एकाच दिवशी बोलावले. सुतार चक्क वेळेवर आला. हा धोका कुणी लक्षातच घेतला नव्हता. दुपारपर्यंत त्याने वरचा आणि खालचा खांब तेवढा ठेवून सगळा कठडा उतरवला आणि अंगणात ढीग घातला. मग वेल्डर आला आणि बोडका जिना पाहून कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"आता माप कशाचं घेऊ? कठडा उभा असताना बोलवायचं ना!"

"दांडे आहेत की अंगणात," आप्पा म्हणाले.

"ते दांडे आहेत. कठडा कुठाय?"

"उतरवायचं काम माझं," सुतार पिशवी आवरत म्हणाला. "उभं करायचं ह्यांचं."

वेल्डरने कुरकुरत अंदाजाने मापे घेतली आणि गुरुवारी गज आणतो म्हणून सांगितले. कोणत्या गुरुवारी, हे विचारायचे राहून गेले.

"गज येईपर्यंत आप्पा खाली झोपतील," मुलाने जाहीर केले.

एकदा अंथरूण खाली गेले की ते परत वर चढत नाही, हे आप्पा ओळखून होते. त्यांनी नायलॉनची दोरी आणली, दोन्ही खांबांना ताणून बांधली आणि म्हणाले, "हा घ्या कठडा."

आता घरात रिकामी दोरी किती दिवस रिकामी राहणार? अंगणात लाकडांचा ढीग, कपडे वाळत घालायला जागा नाही. सूनबाईने आधी एक रुमाल टाकला. मग टॉवेल आले, मग चादरी आल्या. ओल्या कपड्यांच्या भाराने दोरी सैल होत गेली, पण वरून खालपर्यंत चादरी सोडलेला तो जिना लांबून भरभक्कम दिसू लागला. आप्पा आपले भिंतीला हात लावून दिवसभर वरखाली करत.

रविवारी सकाळी ते असेच भराभर निघाले, तेव्हा मुलगा त्यांच्या पुढे, निम्म्या जिन्यात होता. तो वळला.

"आप्पा, सावकाश! धरून उतरा. हे बघा, असं."

त्याने ऐटीत चादरीवर हात टेकला. एक चादर, दोन टॉवेल आणि विमा अधिकारी असे सगळे एकदम खाली गेले.

त्याच्यापाशी सर्वांत आधी पोचले ते आप्पा. ते इतक्या जोरात पळू शकतात हे सूनबाईला लग्नानंतर प्रथमच कळले. मुलाच्या घोट्याचे हाड मोडले होते. डॉक्टरांनी प्लास्टर घातले आणि जिना चढायला सक्त मनाई केली. झोपायची सोय काय, असा प्रश्नच नव्हता. खोली तयारच होती.

गज आले ते वेल्डरच्या गुरुवारी. ते बसवल्यावर, काळा रंग देण्याआधी, वेल्डरने कठडा गदागदा हलवून दाखवला. कठडा जागचा हलला नाही. आप्पा जिंकले होते.

मुलगा पलंगावर पडून शेजाऱ्यांच्या भिंतीकडे पाहत होता. भिंतीवर ओलीचा एक डाग होता. तो त्याला आता तोंडपाठ झाला होता. इथे आपण वडिलांना ठेवणार होतो, या विचाराने त्याला मनापासून लाज वाटली.

तेवढ्यात खुर्ची ओढत आप्पा आत आले आणि पलंगाशेजारी बसले.

"आप्पा, तुम्ही वरच राहा," तो म्हणाला. "मी पुन्हा खाली या म्हणणार नाही."

"राहणारच आहे. पण कठड्याचा रंग ओला आहे अजून. वाळेपर्यंत बसतो इथं." मग त्यांनी आवाज खाली आणला. "तो समोरचा सायकलवाला आहे ना, तो काल पुन्हा त्या शिंपिणीशी बोलला."

रंग वाळून आठवडा झाला होता. सूनबाई दिवसभर त्याच कठड्याला धरून वरखाली करत होती.

"बसा," मुलगा पाय जरा सरकवत म्हणाला. "लोखंडावरचा रंग लवकर वाळत नाही."