बिनपगारींचे कासमचाचा

मामूंच्या दुबईतल्या पेढीत मी पाऊल ठेवलं, तेव्हा हेडक्लार्क कासमचाचांनी नाव विचारण्याआधी माझ्या हातात मीठ घातलेल्या पाण्याचा पेला दिला.

"पी. कायदा नंबर एक. दर तासाला एक ग्लास."

गोष्ट साठच्या दशकातली. मी वीस वर्षांचा, मिशी राखलेला बाप्या. रत्नागिरीहून उन्हाळी सुट्टीत धंदा शिकायला आलेला. पगार अर्थातच नव्हता. मामूंकडे दर उन्हाळ्यात असा एखादा कॉलेजकुमार फुकट राबायला येई, आणि त्याच्यासाठी चाचांनी स्वतःच कायदे टाइप करून भिंतीला चिकटवले होते. ते करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

बिनपगारी माणूस सगळ्यांच्या आधी जेवणार. बारा ते चार उन्हात जाणार नाही. दर शुक्रवारी आईला पत्र लिहिणार. एकदा मी खाडीच्या धक्क्यावर भर दुपारी खोकी मोजत होतो. चाचा छत्री घेऊन आले आणि हमालांदेखत मला बकोटीला धरून घेऊन गेले. हमाल खो-खो हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मामूंनी एकदा चुकीच्या बिलावरून माझ्यावर आवाज चढवला. चाचा खुर्चीतून उठले.

"सेठ, इसको सॅलरी देता है?"

"नाही."

"मग खलास. ओरडायचा हक्क पगारातून येतो. कायदा नंबर पाच."

मामूंनी चक्क आवाज खाली आणला. पेढीतला एकेक कागद कुठे आहे, हे फक्त चाचांना माहीत होतं, त्यामुळे अडला हरी अशी त्यांची गत होती.

शेवटचा कायदा मात्र मला फार महागात पडला: कॉलेज उघडण्याआधी माणूस घरी पोचला पाहिजे. जून तोंडावर आला आणि मामू म्हणाले, "राहतोस का रे अन्वर? पगार सुरू करतो." मी हुरळलो. दुबई, स्वतःची कमाई! कॉलेज गेलं खड्ड्यात. पण माझा पासपोर्ट चाचांच्या कपाटात होता आणि परतीचं तिकीट मी आलो त्याच आठवड्यात त्यांनी काढून ठेवलं होतं. मी भांडलो, रडलो. नको ते बोललो.

"तुम्हाला ना बायको ना पोर," मी म्हणालो, "म्हणून दुसऱ्यांच्या पोरांवर हुकूम चालवता."

चाचांनी ऐकून घेतलं. "बोट उद्या आठला," एवढंच म्हणाले.

सकाळी ते धक्क्यावर पोचवायला आले. बोट लांब समुद्रात उभी होती. तिच्याकडे नेणाऱ्या होडीत मी चढलो, त्यांच्याकडे न बघताच.

"अन्वर," ते काठावरून म्हणाले, "एक काम कर माझं. तुझ्याच कॉलेजात होतो मी. होस्टेलला खोली नंबर अकरा. खाटेखाली माझी ट्रंक आहे. दोन महिन्यांसाठी आलो होतो ना इथे, सुट्टीत, म्हणून तिथेच ठेवली. मग सेठ म्हणाले, पगार देतो, रहा. मला कुणी जा म्हणालं नाही."

"किती वर्षं झाली, चाचा?"

"अठरा. आता काय असणार म्हणा." त्यांनी होडीवाल्याला हात केला. "यल्ला, चलो. तरी बघ तू."

कॉलेज उघडलं त्याच दिवशी मी अकरा नंबरच्या खोलीत गेलो. तिथे आता स्वयंपाकघराची लाकडं रचत होते; ना खाट होती, ना ट्रंक. शिपायाला विचारलं, जुन्या रेक्टरांना विचारलं. कासम नावाचा कुणी विद्यार्थी होता, हेच कुणाला आठवत नव्हतं. माझ्याच जिभेची मला लाज वाटली.

त्या शुक्रवारी मी त्यांना पत्र लिहिलं. ट्रंक आहे, कुलूपसुद्धा शाबूत आहे, या आणि घेऊन जा, असं लिहिलं.

त्यांचं उलट टपाली उत्तर आलं: "आहे ना? मग असू दे तिथेच. येतो पुढच्या सुट्टीत."