बंद नाही, थांबलीय

साळवेबाई रोज सकाळी आपल्या गाडीत बसून चहा पितात. गाडी सोसायटीच्या भिंतीला पाठ लावून उभी, इंजिन गप्प. चहा संपला की बाई कप डॅशबोर्डवर ठेवतात, खिडकीतून उजवा हात बाहेर काढून शिस्तीत खूण करतात आणि मगच दार उघडून उतरतात. मागून कुणी येत नसतं. येणार कुठून, मागे भिंत आहे. मी एकदा न राहवून विचारलं, "बाई, ही खूण कुणासाठी?"

"तुला दिसली ना? मग झालं."

मी त्यांच्या डोक्यावर, म्हणजे पहिल्या मजल्यावर राहतो. म्हणून त्या मला 'वरच्या' म्हणतात. मला सुधीर असं चांगलं नाव आहे, पन्नाशी उलटलीय, ऑफिसात चार लोक मला टरकून असतात. पण जोगेश्वरीच्या आमच्या या सोसायटीत मी 'काय रे वरच्या'. सुरुवातीला डोकं फिरायचं माझं. आता कुणी सुधीर म्हटलं तर मीच इकडेतिकडे बघतो.

बाई म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात सिस्टर होत्या. मूळच्या अकोल्याकडच्या. एरवी आमच्यासारखंच बोलतात, पण पारा चढला की आतलं वऱ्हाड बाहेर येतं. 'काहून?' असा एक प्रश्न टाकतात आणि समोरचा आपोआप एक पाऊल मागे सरकतो. रिटायर झाल्या तेव्हा सगळ्यांनी हारतुरे घालून सांगितलं, सिस्टर, आता आराम करा, विहारात जाऊन बसा. बाई विहारात जातात, दर पौर्णिमेला न चुकता जातात. पण आराम हा शब्द त्यांना झोंबला. त्याच आठवड्यात वाकोल्याला कुणाकडे तरी निघाल्या असताना एका गॅरेजबाहेर ही हिरवी विलायती गाडी कापायला काढलेली दिसली. बाई रिक्षातून उतरल्या आणि गॅसकटरवाल्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. तोपर्यंत स्टिअरिंगला हातसुद्धा लावलेला नव्हता त्यांनी. गाडी आधी घेतली, चालवायला नंतर शिकल्या.

लोकांना यात काहीतरी दर्दभरी कहाणी हवी असते. खालून येणारेजाणारे हळूच विचारतात, मिस्टरांची आठवण का हो?

"मी लग्नच केलं नाही," बाई सांगतात. "आठवण कुणाची नाही. गाडी माझी आहे."

या गाडीविषयी एक नियम आहे. ती 'बंद पडली' असं म्हणायचं नाही. ज्या कंपनीनं ती बनवली ती कंपनी केव्हाच बुडाली, पार्ट मिळत नाहीत, पेट्रोलचा काटा अर्ध्यावर चिकटलाय तो कायमचा. पण गाडी बंद पडत नाही, 'थांबते'. "बंद पडणं वेगळं आणि थांबणं वेगळं," बाई बजावतात. "थांबलेला माणूस परत निघतो." नवा सभासद चुकून 'बंद' म्हणाला तर सगळ्यांचा चहा त्याच्याकडे.

सभासद म्हणजे आमचं रविवारचं मंडळ. मढचा लोबो, घाटकोपरचे सावंत, बाई आणि मी. लोबोकडे एक काळी जुनी मोटार आहे. मढच्या बंगल्यांवर शूटिंग असलं की ती भाड्यानं जाते. "मॅन, माझी गाडी हिरोपेक्षा जास्त पिक्चरमध्ये हाय," असं तो छाती काढून सांगतो. सावंत सांगतात की ती प्रत्येक पिक्चरमध्ये उभीच असते, चाललेली कुणी पाहिली नाही. सावंतांची स्वतःची जीप आहे आणि तिचा आवाज विक्रोळीला ऐकू येतो असं लोबोचं म्हणणं. माझ्याकडे आजोबांची स्कूटर. दोन चाकं कमी पडत असल्यासारखं मला मंडळात वागवतात. 'स्कूटरवाल्याला मत नाही' असा ठरावच आहे. मी त्या ठरावाचा निषेध दर रविवारी करतो आणि दर रविवारी येतो.

कारण दर रविवारी बाईंची गाडी थांबलेली असते. सेल्फ मारला की घर्रर्र, घर्रर्र करते, पण पेट घेत नाही. मग बॉनेट उघडतं आणि सल्ल्यांना सुरुवात होते.

"पंपावर ओलं फडकं टाका मॅडम, इंजिनाचा पंप गरम झाला," लोबो सुरू करतो.

"सकाळी नऊ वाजता गरम झालो?" सावंत खवळतात. "बाई, मी तुमका सांगतंय, पॉइंट जळले हत."

"प्लग साफ करा," मी.

"स्कूटरवाल्याला मत नाही!" तिघे एकदम.

"एका वेळी एकानं बोला," बाई दरडावतात, "ही ओपीडी नाही."

मग फडकं भिजतं, प्लग निघतात, पॉइंटवर कागद घासला जातो. मधे बाईंच्या स्वयंपाकघरातून पोहे येतात, तर्रीसकट. लोबो मढहून आणलेले सुके बोंबील हळूच पिशवीतून काढून देतो. दुपार होत आली की कुणाच्या तरी हातून काहीतरी जमतं आणि गाडी सुरू होते. बाई हात बाहेर काढून खूण करतात, आम्हाला आत कोंबतात आणि जोगेश्वरीच्या गुंफांपर्यंत एक फेरी होते. परत येताना बाई नेहमी म्हणतात, "पाहिलं? आणि निघाले होते कापायला."

हे सगळं झकास चाललं होतं. मग आमचे सेक्रेटरी नाडकर्णी जागे झाले. नाडकर्णी वाईट माणूस नाही, पण हातात मोजपट्टी घेऊन जन्माला आलाय. त्यांनी सभेत ठराव आणला की कंपाउंडात न चालणारी वाहनं ठेवता येणार नाहीत, भंगारात द्यावी लागतील. न चालणारं वाहन एकच होतं आणि त्याची मालकीण पहिल्या रांगेत बसली होती.

"काहून?" बाई उठल्या.

नाडकर्णी एक पाऊल मागे सरकले, पण नेटानं म्हणाले, "सिस्टर, मी ती कधी चाललेली पाहिलेली नाही."

आता हे खरंच होतं. नाडकर्णी दर रविवारी मुलीकडे मुलुंडला जातात. बाकीचे सहा दिवस गाडी उभी.

"मग या रविवारी मुलुंड राहू द्या," बाई म्हणाल्या. "दहा वाजता खाली या. गाडी नाही निघाली तर भंगारवाल्याला फोन मी स्वतः लावीन. माझ्या खर्चानं लावीन!"

सभा संपल्यावर मी त्यांना म्हटलं, "बाई, हे काय बोलून बसलात? वाट लागेल यार." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जिन्याला लागलो. पण वरून मला दिसलं, त्या गाडीच्या टपावर हात ठेवून बराच वेळ उभ्या होत्या. ती गाडी गेली तर बाईंचं काय होईल, हे आमच्यापैकी कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, पण त्या आठवड्यात लोबोचे आणि सावंतांचे मला रोज फोन येत होते.

रविवार उजाडला. नाडकर्णी दहाच्या आधीच घड्याळ बघत उभे. सोसायटीतली निम्मी माणसं गॅलरीत. बाईंनी इस्त्रीची पांढरी साडी नेसली होती, हॉस्पिटलात जायच्या तशी. गाडीत बसल्या, हात बाहेर काढून खूण केली, सेल्फ मारला.

घर्रर्र. घर्रर्र. घर्रर्र.

पुन्हा मारला. पुन्हा तेच. बाईंचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत मी तो उतरलेला पाहिला नव्हता.

आम्ही तिघे धावलो. फडकं नाही, पॉइंट नाही, प्लग नाही. बॉनेट वर झालं आणि तीन हात एकदम एकाच ठिकाणी गेले, कॉइलच्या वायरवर. ती ढिली असली की ठिणगीच पडत नाही. आणि तिघे एकदम ओरडलो, "वायर तर घट्ट आहे!"

मग तिघांचे हात एकदम मागे आले.

बाई हळूहळू खाली उतरल्या. खूण करायची विसरल्या. "कुठली वायर?" त्यांनी विचारलं.

लोबो आभाळाकडे बघू लागला. सावंत चष्मा पुसू लागले.

"वरच्या, तुला विचारतेय. कुठली वायर?"

"कॉइलची," मी म्हणालो. काय करणार? "शनिवारी संध्याकाळी तुम्ही ढिली करता ती. मला गॅलरीतून दिसतं."

"आणि तुम्ही दोघं?"

"फर्स्ट मंथमध्येच, मॅडम," लोबो पुटपुटला.

"माका तर पयल्याच दिवशी कळला," सावंत म्हणाले.

म्हणजे दर रविवारी आम्ही तिघे ती वायर सोडून बाकीची सगळी गाडी दुरुस्त करत होतो आणि पोहे संपले की कुणीतरी गुपचूप ती दाबून बसवत होता. एकमेकांनाही बोललो नव्हतो.

"हे काय चाललंय?" नाडकर्णींनी विचारलं. "कुणी ढिली केली?"

"तुम्ही गप्प बसा!" आम्ही चौघे म्हणालो.

बाईंचे कान लाल झाले होते. पण मान खाली घालतील त्या साळवेबाई कसल्या? कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "हो, मीच करायचे ढिली. मग? घरी या, जरा बसा, मला बोलायला कुणी नाही, असं म्हटलं असतं तर आला असतात? एकदा आला असतात. दुसऱ्यांदा कामं निघाली असती तुम्हाला. गाडी अडलीय म्हटलं की चप्पल न घालता धावत येता. तुम्हा पुरुषांना माणसाकडे यायला लाज वाटते, बॉनेटकडे यायला वाटत नाही." इथे त्यांचा आवाज जरा चिरकला. त्यांनी तो खाकरून सरळ केला. "आज मात्र मी हात लावलेला नाही. उलट काल तुम्ही सगळे कामावर गेल्यावर दिवसभर प्रॅक्टिस केली. चालू कर, फेरी मार, परत चालू कर."

"दिवसभर?" सावंतांनी कार्ब्युरेटरला नाक लावलं. "अगो बाय माझ्या! पेट्रोलाचो वासच येना नाय!"

टाकी कोरडी ठणठणीत होती. अर्ध्यावर चिकटलेल्या काट्यावर आम्ही चौघांनी विश्वास ठेवला होता. जाणकार म्हणवतो आम्ही!

"पाच मिनिटं देतो, सिस्टर," नाडकर्णी घड्याळ बघत म्हणाले. पेट्रोल पंपावर जाऊन यायला वेळ नव्हता. मी माझी स्कूटर ढकलत आणली, नळी लावली आणि आजोबांच्या टाकीतलं सगळं पेट्रोल बाईंच्या गाडीत सोडलं. "त्यात ऑइल मिक्स असता रे!" सावंत कळवळले.

"स्कूटरवाल्याचं मत आहे," मी म्हणालो, "की सेल्फ मारा."

पहिल्या दोन वेळा घर्रर्र. तिसऱ्या वेळी गाडीनं असा निळा धूर सोडला की नाडकर्णी त्यात पूर्ण दिसेनासे झाले. धुरातून फक्त खोकला ऐकू येत होता आणि मग, "ठीक आहे सिस्टर, चालते, चालते!" गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या. बाई उजवा हात बाहेर काढून खूण करत फाटकाबाहेर पडल्या. एकट्याच गेल्या. आम्हाला आत घ्यायचं त्यांना सुचलं नाही, किंवा घ्यायचं नव्हतं.

गाडी वाचली. पण माझा पुढचा आठवडा वाईट गेला. शनिवारी संध्याकाळी मी मुद्दाम गॅलरीत उभा राहिलो. बाई खाली आल्याच नाहीत. आता कशाला येतील? सगळ्यांसमोर सगळं बोलून झालेलं. आमचा रविवार आम्हीच आमच्या आगाऊपणानं घालवला, असं मला वाटलं आणि स्वतःचाच भयंकर राग आला.

रविवारी तरीही खाली उतरलो. सावंतही आले होते, उगाच जीपच्या टायरला लाथा मारत होते. बाई गाडीत बसून चहा पीत होत्या. आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"गाडी ठीक आहे," त्या समोर बघत म्हणाल्या. "काही झालेलं नाही तिला. कुणी यायची गरज नव्हती."

तेवढ्यात लोबोची काळी मोटार मोठ्या ऐटीत फाटकातून आत आली आणि बाईंच्या गाडीशेजारी उभी राहिली. लोबोनं इंजिन थांबवलं, उतरला, बॉनेट उघडून आत डोकं घातलं. मिनिटभरानं परत गाडीत बसून सेल्फ मारला. घर्रर्र, घर्रर्र.

"मॅडम, जरा बघता काय? स्टार्ट होत नाय."

"आता तर मढहून चालवत आणलीस," बाई म्हणाल्या. "काय झालं? बंद पडली?"

"बंद नाय, मॅडम," लोबो म्हणाला. "थांबलीय."

बाईंनी कप डॅशबोर्डवर ठेवला. हात बाहेर काढून खूण केली आणि उतरल्या. लोबोच्या बॉनेटात वाकल्या. कॉइलची वायर उघडी लोंबत होती, मला मागून दिसत होती, म्हणजे त्यांना नाकासमोर दिसत असणार. बाईंनी तिला हात लावला नाही. पदराचं टोक एकदा डोळ्यांकडे गेलं.

मग त्या सरळ झाल्या आणि माझ्याकडे वळून खेकसल्या, "काय रे वरच्या, बघत काय उभा राहिलास? पोहे भिजवायचेत मला. तोवर पंपावर ओलं फडकं टाका."