जादा पेट्रोलची सुरक्षित जागा

संकटे सांगून येत नाहीत. म्हणून त्यांच्याविषयीचे ठराव आधीच करून ठेवावे लागतात. हे सत्य बोरिवलीच्या स्नेहवर्धक सहल मंडळाला १९५६ साली उमगले, आणि मार्वे ते गोराई नौकाविहारासाठी ‘जादा पेट्रोल संरक्षण उपसमिती’ जन्माला आली. (सभासद तीन, पेट्रोल दोन गॅलन.)

चिटणीस विद्याधरने काम मनावर घेतले. डब्याला लाल रंग दिला, बूच लाखेने बंद केले, वर ओले गोणपाट पांघरले. मग जागेचा प्रश्न आला. इंजिनाजवळ नको, हे एकमताने ठरले. माणसांजवळही नको (विडी ओढणारे सात, ओढत नाही म्हणणारे चार). मागे दोरीने वेगळी होडी बांधावी, तर एकटा डबा कलंडायचा. राखण बसवावी, तर तो पुन्हा माणसाजवळ आला. चौथ्या बैठकीत निर्दोष जागा सापडली: मार्व्याचा धक्का, माडाची सावली.

त्या रविवारी विद्याधरला चारच्या आत परतायचेच होते. धाकट्या बहिणीला, कुंदाला, पाहायला पाच वाजता मुलुंडहून मंडळी यायची होती. दोन वर्षे चपला झिजवून आणलेले स्थळ. पण लग्नाआधी एकदा तरी खाडी बघू दे ना रे, म्हणाली, म्हणून तिलाही त्याने बरोबर घेतले.

खाडी आरशासारखी होती. जादा पेट्रोल आहे, या भरवशावर मंडळींनी एक फेरी जास्त मारून घेतली. परतताना साडेतीनला इंजिन दोनदा खोकले आणि गप्प झाले.

“डबा काढा, साहेब,” नावाडी दशरथ म्हणाला.

विद्याधरने धक्क्याकडे बोट दाखवले. डबा लांबून कुंकवाच्या टिकलीएवढा दिसत होता.

दशरथने तो डोळे भरून पाहिला. “झकास ठेवलाय. आता हाक मारा त्याला.”

तेवढ्यात ओहोटी लागली. होडी हलकेच चिखलात बसली, म्हैस बसावी तशी. पाच वाजले. सहा वाजले. कुंदा होडीच्या काठावरून पाय सोडून गुणगुणू लागली:

*पहिली माझी ओवी गं, लाल डब्याला वाहिली,*
*दादानं जपला डबा, नवरी चिखलात राहिली.*

दादाला मान वर करवेना. गाणारीचा आवाज मात्र, का कोण जाणे, फारसा दुःखी नव्हता.

अहवालात लिहिले गेले: आग नाही. गळती नाही. जादा पेट्रोल जसेच्या तसे. (मुलुंडची मंडळी पोहे खाऊन परत गेली, हा विषय उपसमितीच्या कक्षेबाहेरचा.) चिटणिसांच्या अभिनंदनाचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

तुम्ही हसलात. हसा. पण आज घरातले दिवे गेले, तर विजेरी हातात घेऊन पाहा. सेल गळू नयेत म्हणून तुम्हीच ते काढून, कागदात गुंडाळून, अगदी सुरक्षित जागी ठेवले आहेत. ती जागा अंधारात शोधायची, तर हातात पेटती विजेरी असलेली बरी.