दिवाणखान्यातला तंबू

ज्याची काळजी घ्यायची त्याला काहीही विचारू नये, हे काळजी घेण्याचं पहिलं तत्त्व आहे. विचारलं की तो उत्तर देतो, आणि मग काळजी घ्यायला फारसं काही उरत नाही. थोरल्या बाईंची आपल्या जावयाबद्दल तक्रार एवढीच होती, की हे तत्त्व तो जरा जास्तच निष्ठेने पाळतो.

जावई कचेरीत साहेब होते आणि राहायला सासूबाईंकडे होते. (घरजावई हा शब्द त्यांना आवडत नसे, म्हणून थोरल्या बाई तो फक्त चारचौघांतच वापरत.) गावातल्या अपंग मंडळींना नदीकाठी तंबूत मुक्कामाला न्यावं, असा हुकूम कचेरीत वरून आला आणि जावयांच्या अध्यक्षतेखाली ‘सर्वसुलभ तंबूवास नियोजन समिती’ स्थापन झाली. न्यायची मंडळी शोधायला लांब जावं लागलं नाही. चाकांच्या खुर्चीतल्या थोरल्या बाई स्वतः, दृष्टी गेलेल्या त्यांच्या जाऊ धाकट्या बाई, आणि कोपऱ्यावरचे शिंपीमामा, जे कुबड्यांवर चालतात आणि जिभेवर पळतात.

धाकट्या बाईंचं मागणं एकच होतं. डोळे गेले होतेच, आता कानही निघायच्या तयारीत होते. ते निघायच्या आत एकदा नदीचा आवाज ऐकत झोपायचं होतं. हे मागणं समितीपर्यंत पोचलं नाही, कारण समिती माडीवर बसत असे.

माडीवर बसण्यात कुणाला वगळायचा हेतू नव्हता. वर वारा येतो. शिवाय सदस्यत्वाचा नियम पहिल्याच बैठकीत एकमताने ठरला होता: ज्याला उठता-बसता दुसऱ्याचा हात लागतो, तो सदस्य नव्हे, लाभार्थी. लाभार्थी समोर असला की चर्चा मोकळेपणाने होत नाही.

“जावईबापू, मी वर येऊन दोन शब्द बोलू का?” थोरल्या बाईंनी जिन्याखालून विचारलं.

“अहो आई, तुम्ही कशाला त्रास घेता? आम्ही आहोत ना!”

“तेच तर दुखणं आहे,” थोरल्या बाई म्हणाल्या, आणि त्यांनी वर चहा पाठवला. बिनसाखरेचा.

समितीने मात्र काम जीव ओतून केलं. प्रथम तिने लाभार्थ्यांच्या गरजांची पाहणी केली आणि त्यांना फारशा गरजाच नाहीत, असा शंभर टक्के कौल मिळाला. (पाहणी सदस्यांनी एकमेकांतच केली होती. लाभार्थी तेव्हा खाली होते.) मग समिती नदीकाठची जागा बघायला गेली. बघणं एका सकाळचं होतं, पण कर्तव्यबुद्धीमुळे ते आठवडाभर लांबलं. सदस्यांनी धोका पत्करून नदीत डुंबून पाहिलं, शेकोटीभोवती गाणी म्हणून पाहिली, तंबूत उन्हं वर येईपर्यंत झोपूनही पाहिलं. मग उन्हाने रापलेल्या चेहऱ्यांनी परत येऊन जड अंतःकरणाने निर्णय दिला, की जागा लाभार्थ्यांना अजिबात योग्य नाही.

कारणं बिनतोड होती. नदीकाठी पाणी असतं. पाण्याजवळ चिखल असतो, आणि चिखलावरून फक्त धडधाकट माणसानेच चालावं. म्हणून तंबू मैदानावर नेला. मैदानावर खड्डे निघाले, म्हणून तो शाळेच्या फरशीवर नेला. फरशीवर ऊन लागतं, म्हणून वर छप्पर पाहिजे. छप्पर आलं की वाऱ्याला भिंती पाहिजेत, भिंती आल्या की दिवे पाहिजेत, आणि दिव्यांजवळ संडास. आता छप्पर, भिंती, दिवे, संडास आणि शिवाय लाभार्थी, हे सगळं एकत्र तयार असलेली जागा गावात एकच निघाली. ती म्हणजे थोरल्या बाईंचा दिवाणखाना.

तेव्हा सहल तिथेच काढायचं ठरलं. सोफा हलवून तंबू ठोकण्यात आला. शेकोटीच्या जागी लाल बल्ब लावला. नदीच्या आवाजाची सोय स्पीकरवर झाली. (डास वगळून.)

“जाऊबाई, ही नदी मधेच खरखरतेय हो,” धाकट्या बाई कान देऊन म्हणाल्या.

थोरल्या बाईंनी स्पीकर बंद केला आणि फोन जवळ ओढला. ही फार वाईट खूण असते, पण ती ओळखायला जावई खाली असावे लागतात.

उद्घाटनाच्या दुपारी, समिती माडीवर भाषणं घोकत असताना, घरासमोर सामान वाहणारा टेंपो उभा राहिला.

“आजी, माणसं न्यायचं परमिट नाहीये माझ्याकडे,” टेंपोवाला कुरकुरला.

“मग सामान समज. मी कपाट, ही शिलाई मशीन, आणि हे शिंपीमामा म्हणजे रेडिओ, बंद होत नाही. टाक फळ्या!”

त्याने कपाटं चढवायच्या फळ्या टाकल्या. कपाट चढलं. त्यातलीच एक फळी पुढे चिखलावरही आडवी पडली आणि खुर्ची थेट नदीपाशी जाऊन थांबली. नियोजन म्हणून जे काही होतं ते एवढंच.

इकडे टाळ्यांच्या कडकडाटात फीत कापली गेली, तंबूची चेन उघडली, आणि आत उशीशिवाय कुणीच नव्हतं. अर्ध्या गावाने टाळ्या आवरल्या आणि साहेबांच्या मागोमाग नदी गाठली.

धाकट्या बाई पाण्यालगत सतरंजीवर आडव्या झाल्या होत्या. चेहरा असा, की कुणी घरी चल म्हटलं असतं तर पाप लागलं असतं. जावयांवर मात्र जबाबदारी होती. फळीवरून न जाता, आपण धडधाकट असल्याच्या विश्वासाने ते तडक चिखलातून निघाले. मधोमध पोचले आणि आडवे झाले.

“जाऊबाई, काय पडलं?”

“आपले अध्यक्ष.”

गाव खो-खो हसलं. (वाचणाऱ्यांनीही मागे राहू नये. गाव म्हणजे तरी दुसरं कोण?) जावयांनी उठायचा प्रयत्न केला, पण घोटा ऐकेना. शेवटी त्यांनी तोंड वेडंवाकडं करत हात पुढे केला. “आई... जरा हात देता का कुणीतरी?”

थोरल्या बाईंनी खुर्चीची चाकं फिरवून त्यांच्याकडे तोंड केलं. आवाजात मध होता.

“हलू नका हं, जावईबापू. हात मागितलात, म्हणजे तुमच्याच नियमाने सदस्यत्व गेलं. आता तुम्ही लाभार्थी. तुम्हाला काय झेपेल ते आम्ही तिघं बसून ठरवतो, तुम्ही कशाला त्रास घेता? आणि हे काठावर उभे राहून हसतायत ना, त्यांना म्हणावं पोटभर हसून घ्या. लाभार्थी म्हणून सगळ्यांची निवड झालेलीच आहे. फक्त पाय घसरायचा राहिलाय.”