एक तरी स्थानिक माणूस

ऐतिहासिक वारसा पाहुण्यांनी पाहायचा असतो आणि त्याचा अभिमान स्थानिकांनी बाळगायचा असतो, ही वाटणी सर्व सुसंस्कृत शहरांना मान्य आहे. नगरच्या जुन्या भागात तर ती इतकी कसोशीने पाळतात की, आमच्या गल्लीतल्या संग्रहालयात आजवर गल्लीतलं कुणी शिरलेलं नाही. पाहुणे आले की आम्ही त्यांना दारापर्यंत नेतो, "जा, निवांत बघा," म्हणतो आणि समोर रंगुबाईच्या गाडीवर चहा पीत बसतो. आत तलवारी आहेत, निजामशाही नाणी आहेत, एक पालखी आहे. (पालखी नव्हे, मेणा आहे, असं पाहुणे सांगतात.)

गेल्या वर्षी वरून हुकूम आला. वर्षअखेरपर्यंत किमान एका स्थानिक नागरिकाने संग्रहालय न पाहिल्यास ते श्रीरामपूरला हलवण्यात येईल. (एकाच माणसाची अट घातली, यावरून सरकारला आमची पारख आहे हे दिसतं.)

संग्रहालयाचा शिपाई पुंजाराम हादरला. रंगुबाई ही त्याचीच बायको. पोरगी दिशा इथल्या कॉलेजात. संग्रहालय हललं की बदली ठरलेली आणि संसाराचे दोन तुकडे. (कर्मचाऱ्याच्या घरचे मोजायचे नाहीत, असं हुकमातच होतं.)

गल्ली पेटून उठली. मोर्चा निघाला. साखळी उपोषण झालं (जेवणाची सुट्टी सोडून). शेवटी संग्रहालयाभोवती मानवी साखळी धरली, ती इतकी अभेद्य की त्या दिवशी आलेले पाहुणेही आत शिरू शकले नाहीत.

"अहो, घोषणा मागनं द्या!" पुंजाराम दारातून हात जोडत होता. "आधी कुनीतरी आत या. तिकीट मी काढतो!"

"आत काय यायचं, पुंजाराम? आपलंच तर आहे!"

मुदतीच्या शेवटच्या दिवशी साहेब तपासणीला आले. तेव्हा रंगुबाईने स्टोव्ह विझवला.

"आत जाऊन आल्याबिगर एकालाबी घोट मिळायचा न्हाई," ती म्हणाली.

बघता बघता सारी गल्ली रांगेत उभी. (चळवळींच्या अभ्यासकांनी नोंद घ्यावी.)

दारात साहेब प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होते, "गाव कोणतं?"

पहिली गोजरबाई. लग्न होऊन गल्लीत आली त्याला उभा जन्म लोटला. म्हणाली, "तिसगाव."

पुंजारामने कपाळावर हात मारला. "मावशी, ते माहेर झालं!"

"मंग? बाईला गाव इचारलं का माहेरच सांगत्यात. सासर काय गाव असतंय व्हय?"

मागे रामहरी. तो नगरात जन्मला, त्याचा बाप नगरात जन्मला, आजा नगरातच वारला. छाती काढून म्हणाला, "मूळ पाथर्डीचे आम्ही."

"जाणं-येणं आहे का तिकडे?" साहेबांनी विचारलं.

"जायचंय एकदा. रस्ता विचारावा लागेल."

संध्याकाळी अहवाल गेला: अभ्यागत उदंड, स्थानिक निरंक. साहेबांचा काही दोष नाही. त्यांनी विचारलं आणि आम्ही खरं तेच सांगितलं.

संग्रहालय श्रीरामपूरला गेलं. पुंजारामही गेला. रंगुबाई आणि दिशा इथेच राहिल्या.

पुढच्याच महिन्यात आम्ही जीप केली आणि श्रीरामपूर गाठलं. रीतसर तिकिटं काढली आणि दुपारभर आतून हललो नाही. तलवारींची धार काय, मेण्यावरची नक्षी काय! (तो मेणाच आहे.) श्रीरामपूरकर तेवढे समोर बसून चहा पीत होते.

निघताना दारात पुंजारामने नियमाप्रमाणे विचारलं, "गाव कोणतं?"

आख्खी जीप एका सुरात ओरडली, "नगर!"

पुंजारामने तोंड फिरवलं आणि डोळे पुसले. गाववाल्यांना बघून त्याला भरून आलं, असं आम्ही समजतो.

तुम्ही हसताय, चांगलं आहे. तुमच्याही शहरात एखादं संग्रहालय असेलच. आत शिरलं की डाव्या हाताला पहिली वस्तू कोणती, तेवढं सांगा. घाई नाही, मी थांबतो.