गेनू अस्वलाची ठणकणारी दाढ

जरा जवळ सरका, बाळांनो. मला मोठ्याने बोलवत नाही.

लांबच्या एका जंगलात गेनू नावाचं म्हातारं अस्वल राहत होतं. त्याच्या उजव्या दाढेचं सुतारपक्ष्याने रूट कॅनाल केलं होतं. तरी ती पुन्हा ठणकू लागली.

त्यात पावसाळा सरला की नातीचं उष्टावण होतं. अस्वलांत रीत अशी, की आजोबाने स्वतःच्या दाढेने चारोळीची बी फोडायची आणि आतला दाणा नातीच्या जिभेवर ठेवायचा. दगडाने फोडलेला चालत नाही.

सुतारपक्षी म्हणाला, "पुन्हा उघडतो, साफ करतो, वर टोपी बसवतो. आपली दाढ ती आपली."

दात उपटणारा वानर हसला. "खुंटाला टोपी घातली म्हणून तो नवरदेव होतो का? काढून टाका, गेनबा!"

मग सगळं जंगल समाचाराला आलं. तिथे आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने गेलेलं चालतं, सल्ल्यावाचून गेलेलं चालत नाही. रानडुक्कर म्हणालं, वाचवा. कोल्हा म्हणाला, काढा. कासवाला दात नसतात, बाळांनो. पण त्यालाही मत होतं.

गेनूची बायको सारजा वैतागली. "अहो, दाढ तुमची. तुम्हाला काय वाटतं?"

"मला दुखतंय," गेनू म्हणाला.

"ते झालंच. पण ठरवा की काहीतरी!"

"उद्या आणखी दोघं यायचेत. त्यांचंही ऐकू."

असा अख्खा पावसाळा गेला. तोवर गेनू डाव्या बाजूने खाई. कंद डावीकडे, जांभळं डावीकडे, आंब्याच्या कोयासुद्धा डावीकडे. डावी दाढ कधी कुरकुरली नाही. म्हणून तिचं कोणी नाव काढलं नाही.

उष्टावणाच्या आदल्या दिवशी एका बोराच्या बीवर ती उभी चिरली. वानराने पाहिली आणि लगेच उपटली. तिच्यासाठी ना सभा भरली, ना कोणी समाचाराला आलं.

दुसऱ्या दिवशी सगळे जमले. नात आ वासून बसली होती. गेनूने चारोळी उजवीकडे ठेवली, डोळे मिटले आणि दाबली. कळ मस्तकात गेली. पण बी फुटली. नातीने दाणा चघळला आणि पुन्हा आ वासला.

"वाचवा म्हणालो होतो ना!" सुतारपक्षी ओरडला.

"एक काढल्याबरोबर कसं जमलं बघा!" वानर म्हणाला.

गेनूने गाल धरला आणि दुसरी बी तोंडात टाकली.

संध्याकाळी त्याने डावी दाढ चारोळीच्या झाडाखाली पुरली. वर माती सारखी केली. "बाई गं," तो म्हणाला, "तुला कसं आहे, एवढंसुद्धा विचारलं नाही."

आणि उजवी ठणकली, म्हणून तो लगबगीने घरी गेला.

तात्पर्य: मुकाट्याने काम करू नये, बाळांनो. टिकायचं असेल, तर अधूनमधून ठणकत राहावं.